पुटकुळी घरची की दवाखान्याची?

मुलांनो, परंड्याचा भुईकोट किल्ला तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. धाराशिव जिल्ह्यातलं परंडा हे तालुक्याचं गाव. तिथे सपाट जमिनीवर हा किल्ला उभा आहे. डोंगराचा आधार नाही, म्हणून बांधणाऱ्यांनी भोवती खंदक खणला, दुहेरी तट उभारला आणि जागोजागी बुरूज बांधले. आज विजापूरला असलेली प्रचंड ‘मुलूख मैदान’ तोफ एके काळी याच किल्ल्यात होती. १६३२ साली ती विजापूरला नेली. अशा किल्ल्यात शिरायचं म्हणजे शत्रूला घाम फुटणार. पण आतल्याच कुणी तटाला भगदाड पाडून दिलं तर? मग काय, शत्रूचं काम सोपं!

आपली कातडी हा आपल्या शरीराचा तट आहे. आणि आरशासमोर उभं राहून नखाने पुटकुळी फोडणारा तो ‘आतला माणूस’ कोण, हे सांगायला नकोच!

पुटकुळ्या बहुतेकांना येतात. दहा मुलांपैकी आठ-नऊ जणांना वयात येताना कधी ना कधी त्या येतातच. त्यातल्या बऱ्याचशा आपल्या आपण जातात. मात्र काही जात नाहीत, आणि काही तर फार घाईने डॉक्टरांना दाखवाव्या लागतात. कुठली घरची आणि कुठली दवाखान्याची, हे ओळखता आलं की अर्धी काळजी मिटली.

पुटकुळी येते कशी?

वयात येताना शरीरात हार्मोन्स म्हणजे संप्रेरकं वाढतात. त्यामुळे कातडीतल्या तैलग्रंथी जास्त तेल सोडू लागतात. हे तेल केसांच्या बारीक छिद्रांतून बाहेर पडतं. तेल आणि मेलेल्या पेशी यांचं बूच बसलं की छिद्र बंद होतं. एरवी कातडीवर गुपचूप राहणारे जंतू तिथे वाढतात. शरीर त्यांच्याशी झुंजतं आणि ती जागा लाल होते, सुजते, पू धरते. हीच तारुण्यपीटिका, म्हणजे मुरूम.

नाकावर दिसणारे काळे ठिपके हा मळ नव्हे. छिद्राच्या तोंडाशी अडकलेला ऐवज हवा लागून काळा पडतो. म्हणून साबणाने कितीही घासलं तरी ते जात नाहीत. उलट कातडी सोलवटते. तेव्हा ‘अंघोळ करत नाहीस का रे?’ असं कुणी चिडवलं तर त्याला हे शास्त्र समजावून सांगा.

घरी काय करायचं?

सकाळ-संध्याकाळ सौम्य साबणाने हलक्या हाताने तोंड धुवा. त्याला तांब्याभर पाणी पुरतं. डोक्याला चप्प तेल लावून ते कपाळावर ओघळू देऊ नका. दुसऱ्याचा टॉवेल वापरू नका. टूथपेस्ट, लिंबू, खायचा सोडा, चुना यांतलं काहीही लावू नका. कातडी भाजते आणि डाग पडतो. सगळ्यात महत्त्वाचं, पुटकुळी दाबू नका, टोचू नका. दाबल्यावर थोडा पू बाहेर येतो खरा, पण उरलेला आत ढकलला जातो.

आता दवाखाना कधी?

पुढच्या गोष्टी दिसल्या तर चार-आठ दिवसांत डॉक्टरांना दाखवा:

– अशी काळजी घेऊनही सहा ते आठ आठवड्यांत फरक पडला नाही.
– कातडीखाली खोल, कडक, दुखऱ्या गाठी येतात.
– पुटकुळी गेली तरी खड्डा किंवा उंच वण मागे राहतो. वण पडल्यावर तो घालवणं अवघड. पडू न देणं सोपं.
– एखादं औषध सुरू केल्यावर अचानक खूप पुटकुळ्या आल्या. ते औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना सांगा.
– मुलींच्या बाबतीत पुटकुळ्यांबरोबर पाळी फार अनियमित आहे किंवा चेहऱ्यावर दाट केस येत आहेत. आईशी मोकळेपणाने बोला. लाजण्यासारखं यात काही नाही.
– पुन्हा पुन्हा गळवं होतात किंवा घरात एकामागून एक सगळ्यांना होतात. अशा वेळी डॉक्टर रक्तातली साखरही तपासून घेतात.
– आणि एक, जे कुणी विचारत नाही: चेहऱ्यामुळे शाळेत जावंसं वाटत नाही, फोटोत उभं राहावंसं वाटत नाही. पुटकुळ्या चारच असल्या तरी हे कारण पुरेसं आहे.

आईबाबांनो, हा शेवटचा मुद्दा खास तुमच्यासाठी. ‘वयात असं व्हायचंच, लग्नापर्यंत जातील!’ असं म्हणून हसण्यावारी नेऊ नका. मुलगी पाहुण्यांसमोर यायचं टाळते, मुलगा सारखा तोंडावर हात धरून बोलतो. हे दुखणंच आहे आणि त्यावर औषध आहे. औषधाला मात्र दोन-तीन महिने द्यावे लागतात. आठ दिवसांत गुण नाही म्हणून डॉक्टर बदलण्यात अर्थ नाही.

त्याच दिवशी, उद्यावर न ढकलता!

नाकाचं मूळ आणि ओठांचे दोन कोपरे जोडले तर चेहऱ्यावर एक त्रिकोण तयार होतो. इथल्या रक्तवाहिन्यांचा डोळ्यांमागून थेट मेंदूजवळच्या मोठ्या शिरांशी संबंध येतो. त्यामुळे इथल्या गळवाचा जंतुदोष क्वचित आत पोचू शकतो.

अलेक्झांडर स्क्रियाबिन हा रशियाचा नामवंत संगीतकार आणि पियानोवादक. त्याच्या वरच्या ओठावर एक फोड आला. तो चिघळला, विष रक्तात भिनलं आणि एप्रिल १९१५ मध्ये वयाच्या अवघ्या ४३व्या वर्षी तो गेला. त्या वेळी डॉक्टरांच्या हाती जंतूंना मारणारं चांगलं औषधच नव्हतं. पेनिसिलिनचा शोध अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२८ साली लावला, पण ते इंजेक्शन होऊन रुग्णाला मिळायला १९४१ साल उजाडलं. आपल्याकडे पुण्याजवळ पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला आणि पेनिसिलिन देशातच तयार होऊ लागलं.

आज औषधं आहेत, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण वेळेवर पोचायला हवं. फोडाभोवतीची लाली पसरतेय, जागा गरम आणि टणक झालीय, ठणका वाढतोय, ताप आलाय. किंवा नाक, वरचा ओठ, डोळा यांच्याजवळ मोठं गळू झालंय, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पापणी सुजली, डोळा पुढे आला, एकाचे दोन दिसू लागले, डोकं फार दुखतंय, उलट्या होताहेत, मान आखडली किंवा गुंगी येतेय, तर रात्र असली तरी थांबू नका. १०८ क्रमांकाला फोन केला की सरकारी रुग्णवाहिका मोफत येते.

मलमाची नळी आणि एक नियम

गावोगावच्या मेडिकल दुकानांत ‘पुटकुळीवर काहीतरी द्या’ म्हणून मलम मागितलं जातं. यातल्या काही मलमांत स्टेरॉइड असतं. लावलं की दोन दिवसांत लाली जाते, चेहरा उजळल्यासारखा वाटतो आणि सगळे खूश! पण महिना-दोन महिन्यांनी कातडी पातळ होते, उन्हात भाजल्यासारखी आग होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात आणि पुटकुळ्या पहिल्यापेक्षा जास्त येतात. मलम बंद केलं की चेहरा आणखी लाल होतो, म्हणून माणूस पुन्हा तेच लावतो. सापळाच तो! देशभरातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी याविरुद्ध आवाज उठवला आणि मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी अनेक मलमं डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरीही मैत्रिणीची किंवा काकूची नळी घरात फिरत राहतेच. दुसऱ्याचं मलम आपल्या चेहऱ्याला नको. जंतूंवरच्या गोळ्यांचंही तसंच: डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय घ्यायच्या नाहीत, आणि सांगितल्या तर मध्येच सोडायच्या नाहीत.

जायचं कुठे?

परंड्यासारख्या गावात प्रत्येक वेळी मोठ्या शहरात धावायला हवं असं नाही. आधी जवळचं प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा परंड्याचं उपजिल्हा रुग्णालय गाठा. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी आणि उपचार मोफत आहेत. वयात येणाऱ्या मुलामुलींसाठी काही सरकारी रुग्णालयांत ‘मैत्री क्लिनिक’ असतं. तिथे मोकळेपणाने विचारता येतं. गरज पडली तर डॉक्टर स्वतःच चिठ्ठी देऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे पाठवतात. धाराशिव आणि सोलापूर, दोन्हीकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं आहेत. जाताना आतापर्यंत लावलेली मलमं आणि घेतलेल्या गोळ्यांची पाकिटं बरोबर न्या. लपवू नका, डॉक्टर रागावण्यासाठी नाही, औषध ठरवण्यासाठी विचारतात.

आज शाळेतून आल्यावर एक काम करा. घरात चेहऱ्याला लावायची जी मलमं असतील ती आईबाबांसमोर मांडा आणि नळीवरची बारीक अक्षरं मोठ्याने वाचा. बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन, यांपैकी एखादं नाव दिसलं आणि डॉक्टरांची चिठ्ठी नसेल, तर ती नळी पिशवीत घालून दवाखान्यात न्या. तिथे पहिला प्रश्न त्या नळीबद्दलच विचारा.