उपकार नव्हे, हक्क: ब्रिटनची मोफत आरोग्यसेवा आणि तिच्याविषयीची कृतज्ञता

ब्रिटनमध्ये ५ जुलै १९४८ रोजी ‘नॅशनल हेल्थ सर्व्हिस’, म्हणजेच एनएचएस, सुरू झाली. ज्याला गरज आहे त्याला उपचार मिळावेत आणि उपचार घेताना त्याच्याकडे पैसे मागितले जाऊ नयेत, हे या सेवेचे मूळ तत्त्व. खासगी दवाखान्यात बिल चुकते केले की देणेघेणे संपते. इथे बिलच नसते. त्यामुळे बरे होऊन घरी निघालेल्या माणसाच्या मनात एक ऋण उरते आणि ते कोणाचे व कसे फेडायचे, हा प्रश्न तिथल्या समाजाने गेली पाऊणशे वर्षे आपल्या परीने सोडवला आहे.

या सेवेची मुळे वेल्समधल्या ट्रेडेगर या खाणकामगारांच्या गावात आहेत. तिथले खाणीतले आणि लोखंडाच्या कारखान्यांतले कामगार आपल्या मजुरीतला छोटासा हिस्सा एका वैद्यकीय साहाय्य संस्थेत जमा करत. त्या पैशांतून डॉक्टर नेमले जात आणि कामगारांच्या घरच्यांनाही उपचार मिळत. अन्युरिन बेव्हन हे याच गावातल्या खाणकामगाराचे चिरंजीव. दुसऱ्या महायुद्धानंतर ते ब्रिटनचे आरोग्यमंत्री झाले आणि गावातली ही रीत त्यांनी सगळ्या देशासाठी उभी केली. त्याआधी घरात कोणी आजारी पडले तर डॉक्टरला बोलावणे परवडेल का, हा विचार गरिबाला आधी करावा लागे. अनेक बायका स्वतःचे दुखणे वर्षानुवर्षे अंगावर काढत.

सेवा सुरू होताना घरोघरी एक पत्रक वाटले गेले. हा दानधर्म नाही, तुम्ही सगळे करदाते म्हणून याचे पैसे भरत आहात, असे त्यात स्पष्ट सांगितले होते. हा मुद्दा फार मोलाचा होता. धर्मादाय दवाखान्यात रुग्णाला मान खाली घालून उभे राहावे लागते. हक्काच्या सेवेत तो ताठ मानेने येतो आणि त्याने मानलेले आभार हे लाचारीचे नसून मनापासूनचे असतात.

‘मोफत’ या शब्दाला काही अपवादही आहेत. १९५१ मध्ये दातांच्या कवळ्या आणि चष्म्यांवर शुल्क लावायचे ठरले, तेव्हा बेव्हन यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. इंग्लंडमध्ये बाहेरच्या दुकानातून घ्यायच्या औषधांना आजही ठरावीक शुल्क आहे. लहान मुले, गरोदर स्त्रिया आणि साठीपुढचे नागरिक यांना ते माफ आहे. स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये ते कोणालाच द्यावे लागत नाही. फॅमिली डॉक्टरची तपासणी, शस्त्रक्रिया, बाळंतपण आणि अतिदक्षता विभागातले महिनोन्‌महिने चाललेले उपचार मात्र सगळीकडे विनामूल्य आहेत.

चांगली शुश्रूषा म्हणजे काय, हे तिथल्या अनेक अतिदक्षता विभागांतल्या एका प्रथेतून दिसते. व्हेंटिलेटरवरच्या, औषधांनी गुंगीत ठेवलेल्या रुग्णासाठी नर्स एक वही ठेवतात. आज ताप उतरला, सकाळी मुलगी येऊन गेली, बाहेर पाऊस पडतो आहे, अशा साध्या नोंदी त्या रुग्णाला उद्देशून लिहितात. नातेवाईकही त्यात भर घालतात. शुद्धीवर आल्यावर अनेकांना मधले दिवस आठवत नाहीत, किंवा फक्त भीतिदायक भास आठवतात. वही वाचली की हरवलेल्या दिवसांची संगती लागते. ते वाचताना रुग्णाला कळते, की आपण बेशुद्ध होतो तेव्हाही कोणीतरी आपल्याशी माणूस म्हणून बोलत होते.

आभार मानण्याच्या रीती साध्या आहेत. वॉर्डात नर्सच्या टेबलामागच्या फळ्यावर रुग्णांनी पाठवलेली कार्डे टाचलेली असतात, शेजारी सर्वांसाठी आणलेला चॉकलेटचा डबा असतो. याहून मोठ्या भेटीला मर्यादा आहेत. नर्सच्या आचारसंहितेनुसार अगदी किरकोळ वस्तूंखेरीज भेट नाकारायची असते, कारण देणाऱ्याला झुकते माप मिळाले असा संशयही येता कामा नये. ज्याला पैसे द्यायचेच असतील तो रुग्णालयाशी जोडलेल्या धर्मादाय निधीत देतो. त्यातून मूळ उपचारांपलीकडच्या सोयी होतात. रुग्णांच्या सल्ला कक्षात तक्रारींप्रमाणे कौतुकाचीही दखल घेतली जाते.

आभाराचे दोन शब्द कामावरही परिणाम करतात. इस्रायलमधल्या संशोधकांनी नवजात अतिदक्षता विभागांतल्या पथकांवर सरावाच्या प्रसंगातून प्रयोग केला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, आधी एका आईचे कृतज्ञतेचे बोल ऐकलेल्या पथकांचे काम अधिक सरस झाले. पथकातल्या लोकांनी माहितीची देवाणघेवाण जास्त केली. बर्मिंगहॅमच्या मुलांच्या रुग्णालयाने तर २०१४ पासून चुकांप्रमाणेच उत्तम कामाचीही रीतसर नोंद ठेवायला सुरुवात केली. कोणी काय चांगले केले हे त्या माणसाला कळवायचे आणि त्यातून इतरांनी शिकायचे, हा त्यामागचा हेतू.

ही कृतज्ञता सार्वजनिक रूपातही दिसली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या उद्‌घाटनात नर्स आणि रुग्णालयातल्या खाटा यांना मानाचे स्थान मिळाले. करोनाच्या साथीत २६ मार्च ते २८ मे २०२० या काळात दर गुरुवारी रात्री आठ वाजता लोक दारात आणि खिडकीत उभे राहून आरोग्य कर्मचाऱ्यांसाठी टाळ्या वाजवत. २०२१ मध्ये एनएचएसला ‘जॉर्ज क्रॉस’ हा शौर्याचा सर्वोच्च नागरी सन्मान जाहीर झाला. पण टाळ्या पुरेशा नाहीत, हेही लवकरच उघड झाले. साथीत कर्मचारी संरक्षक साधने पुरेशी नसल्याचे सांगत होते आणि डिसेंबर २०२२ मध्ये इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमधल्या नर्स वेतनासाठी संपावर गेल्या. ज्यांचे ऋण आपण मानतो त्यांना योग्य पगार आणि पुरेशी साधने देणे, ही ते फेडण्याची पहिली पायरी आहे.

या ऋणात भारताचाही वाटा आहे. गेली अनेक दशके भारतात शिकलेले डॉक्टर आणि नर्स एनएचएसचा मोठा आधार राहिले आहेत. वेल्सच्या खाणपट्ट्यात, वृद्धांच्या वॉर्डांत, जिथे स्थानिक डॉक्टर जायला फारसे उत्सुक नसत, तिथे यांनी आयुष्य वेचले. नोकरीसाठी ब्रिटनला जाणारी मराठी कुटुंबे ही सेवा वापरतात आणि तिचा भारही उचलतात. व्हिसाच्या अर्जासोबत बहुतेकांना आरोग्य अधिभार भरावा लागतो. फेब्रुवारी २०२४ पासून तो प्रौढ व्यक्तीस वर्षाला १,०३५ पौंड होता. कर वेगळाच.

आज या सेवेवर लोक नाराज आहेत. ब्रिटिश समाजमताच्या वार्षिक पाहणीत २०१० मध्ये ७० टक्के लोक समाधानी होते, २०२३ मध्ये ते प्रमाण २४ टक्क्यांवर आले. डॉक्टरची वेळ मिळायला आणि शस्त्रक्रियेचा नंबर लागायला होणारा उशीर, तसेच अपुरे मनुष्यबळ, ही मुख्य कारणे. तरीही त्याच पाहणीत सुमारे ९० टक्के लोकांनी सेवा विनामूल्यच राहावी, असे सांगितले. लोकांची तक्रार सेवा मिळण्यातल्या अडचणींबद्दल आहे, तिच्या मूळ तत्त्वाबद्दल नाही.

इंग्लंडमधल्या सेवेची सनद २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात तक्रार करणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे आणि त्याची कर्तव्येही सांगितली आहेत: घेतलेली वेळ पाळणे, न जमल्यास आधी कळवणे, आणि मिळालेल्या उपचारांबद्दल बरेवाईट दोन्ही सांगणे. सार्वजनिक सेवेविषयीची कृतज्ञता याच कर्तव्यांत उतरते. चांगले काम करणाऱ्याला ते नाव घेऊन सांगावे, उणीव दिसली तर लपवू नये, आणि पुढच्या रुग्णासाठी सेवा टिकावी म्हणून आपला वाटा भरत राहावा.