एका डहाळीवर दोन हंगाम

फेब्रुवारीचा पहिला आठवडा. देवगडच्या कातळावरची हापूसची बाग. आठ वाजून गेलेत तरी उन्हाचा पत्ता नाही. आभाळ मळभलेलं, पानांवर दव. कलमांच्या ओळींतून चालताना तुडतुडे उठतात आणि तोंडावर आदळतात. खालची पानं चिकट झालीत, काहींवर काजळी धरलीय.

बागायतदार काका एक डहाळी वाकवून माझ्यापुढे धरतात. डिसेंबरच्या मोहोराला धरलेल्या सुपारीएवढ्या चार कैऱ्या, आणि त्यांना लागूनच फुटलेला कोवळा, लालसर मोहोर. चारांतली एक कैरी पिवळी पडलीय. काकांचं बोट लागताच ती पाचोळ्यात गळते.

"मोहोर येता, पण फळ धरना नाय," ते म्हणतात.

पाऊस वेळेवर थांबावा, पालवी जून व्हावी, जमिनीला ताण बसावा आणि मग थंडी पडावी, हा हापूसचा क्रम. तो आता जुळत नाही. पाऊस नोव्हेंबरपर्यंत रेंगाळला की मोहोराऐवजी पुन्हा पालवीच फुटते. 2021 मध्ये तर डिसेंबर उजाडला तोच पाऊस घेऊन. यंदा थंडी उशिरा आली आणि लांबली, म्हणून फळं धरलेल्या डहाळ्याच पुन्हा मोहोरल्या. झाडाचं अन्न नव्या मोहोराकडे वळतं आणि आधीची कैरी उपाशी राहून गळते. पुनर्मोहोर रोखायला दापोलीचं कृषी विद्यापीठ जिबरेलिक ॲसिडची फवारणी सांगतं. काकांनी ती केलीही होती.

पलीकडे पंप सुरू होतो. तोंडाला फडकी बांधलेले दोघे गडी नळी ओढत येतात. औषधाचा उग्र वास घशाला लागतो. त्याच ओळीत, चार कलमं सोडून, एका फांदीला जाळीत बांधलेली सुकी मासळी लटकते आहे. तिच्या वासाने माश्या याव्यात म्हणून. हापूसच्या मोहोरात नर फुलंच फार. उरलेल्या थोड्या फुलांवर पराग पोचवायचं काम माश्या आणि मधमाश्या करतात. मी मोहोराच्या एका तुऱ्याजवळ उभा राहून बघतो. एक माशी येते, दोन फुलांवर बसते, उडून जाते. दुसरी येत नाही.

ऐन फुलोऱ्यात फवारू नये, हे काकांना ठाऊक आहे. पण मळभाचा एक आठवडा तुडतुड्याला मोकळा मिळाला तर वर्षाचं पीक जातं. त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. तरीही जे दिसतंय ते खरं आहे: हवा बिघडली की फवारण्या वाढतात, आणि फवारण्या वाढल्या की फळ धरवणारी माशीच बागेतून जाते.

ऊन पडलंच तर मार्चमध्ये नको इतकं पडेल. मग कैरी भाजेल, तयार फळात साका धरेल.

आज उमललेल्या मोहोराचा आंबा मे अखेरीस उतरेल, पावसाच्या तोंडावर. 2021 च्या मे महिन्यात तौक्ते वादळाने याच किनाऱ्यावर झाडावरचा आंबा खाली घातला होता. गिऱ्हाईक मात्र पाडव्यालाच पेटी मागतं आणि मे सरता सरता हापूसकडे पाठ फिरवतं. आंबा घेणाऱ्यांना एवढीच विनंती: मे अखेरचा हापूसही घ्या, आणि भाव न पाडता घ्या. या बागांच्या हाती यंदा तोच जास्त असणार आहे.