उतरती प्रत, वाढता खर्च : तांब्याचे भवितव्य

विजेवर धावणाऱ्या मोटारी, पवनचक्क्या आणि विजेच्या नव्या वाहिन्या यांची संख्या वाढू लागली, की ‘तांबे पुरेल का?’ हा जुना प्रश्न नव्याने विचारला जातो. १९७२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द लिमिट्स टू ग्रोथ’ या अहवालाने तांब्याचे ज्ञात साठे ३०.८ कोटी टन धरले होते. तेव्हाच्या वापराने ते ३६ वर्षे पुरले असते. त्यानंतर जगाने त्याच्या दुपटीहून अधिक तांबे खणून काढले. तरीही अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेच्या अंदाजानुसार आजचे राखीव साठे १०० कोटी टनांच्या आसपास आहेत.

या कोड्याचे उत्तर धातुकाच्या प्रतीत आहे. धातुक म्हणजे ज्यातून धातू काढणे परवडते असा खडक. त्यातील धातूचे शेकडा प्रमाण ही त्याची प्रत. ‘राखीव साठा’ ही भूगर्भातील एकूण तांब्याची मोजदाद नसून, आजच्या दरात आणि आजच्या तंत्राने परवडणाऱ्या तांब्याचा हिशेब असतो. युटा राज्यातील बिंगहॅम कॅन्यन येथे १९०६ साली उघड्या खाणीचे काम सुरू झाले, तेव्हा तेथील सुमारे दोन टक्के प्रतीचे धातुक अनेक जाणकार कुचकामी मानत होते. डॅनियल जॅकलिंग यांनी वाफेच्या यंत्रांनी अवाढव्य प्रमाणावर उत्खनन करून ते किफायतशीर ठरवले. आज अर्धा टक्का प्रतीचे धातुकही फायद्याने खणले जाते.

मात्र या उतरणीची किंमत मोजावी लागते. दोन टक्के प्रत असेल तर एक टन तांब्यासाठी किमान ५० टन खडक दळावा लागतो. एक टक्का असेल तर १००, अर्धा असेल तर २०० आणि पाव असेल तर ४०० टन. त्याच प्रमाणात वीज, पाणी आणि मागे उरणारा गाळ वाढतो. जगातील सुमारे एक चतुर्थांश तांबे पुरवणाऱ्या चिलीत, अटाकामा वाळवंटातील एस्कोंदिदा खाणीसाठी समुद्राचे पाणी गोडे करून सुमारे ३,००० मीटर उंचीवर चढवले जाते.

येल विद्यापीठाचे भूवैज्ञानिक ब्रायन स्किनर यांनी १९७६ साली याहून कठीण अशा मर्यादेकडे लक्ष वेधले. साधारण ०.१ टक्क्याखाली तांबे स्वतंत्र खनिजांच्या रूपात न आढळता सामान्य खडकाच्या सिलिकेट स्फटिकांत विखुरलेले असते. तेथे खडक दळून फेसावर खनिज तरंगवण्याची रीत चालत नाही. अख्खा खडकच रासायनिक प्रक्रियेने फोडावा लागतो आणि ऊर्जेचा खर्च अनेक पटींनी उसळतो.

म्हणून तांबे एखाद्या दिवशी अचानक संपेल, ही भीती अनाठायी आहे. ते मिळवण्यासाठी किती ऊर्जा, किती पाणी आणि किती जमीन द्यायची, हा खरा प्रश्न आहे. तांबे कितीही वेळा वितळवले तरी त्याचे गुण टिकतात. मोडीत निघालेला तांब्याचा हंडा अर्धा टक्का धातुकापेक्षा जवळजवळ २०० पट समृद्ध असतो. परंतु तारा आणि नळ कित्येक दशके वापरात राहतात आणि मागणी वाढतच आहे. त्यामुळे मोड खाणींचा भार हलका करील, त्यांची गरज मात्र इतक्यात संपवणार नाही.