डोंगरातील शाळा आणि टेलरची पुस्तके

जपानच्या डोंगराळ भागातील एखादे खेडे. शाळेची इमारत दुमजली, भक्कम, दोनशे मुले सहज सामावतील एवढी. आत मात्र मुले दहा-बाराच. इमारत उभी राहिली तेव्हा गाव भरलेले होते. पुढे तरुण पिढी रोजगारासाठी शहरांकडे गेली, जन्म घटले, आणि आता त्या देशात दरवर्षी शेकडो शाळांना कुलूप लागते. प्राथमिक शाळेत लागोपाठच्या दोन इयत्तांची मुले मिळून सोळाच्या आत असली, की सामान्यतः त्या दोन्ही इयत्ता एकाच खोलीत, एकाच शिक्षकाकडे बसतात. अशा वर्गात आठवड्यातून एखाद्या दिवशी परदेशातून आलेला एक तरुण किंवा तरुणी इंग्रजी शिकवावयास येते.

ही व्यवस्था ‘जेट’ या सरकारी योजनेची. १९८७ मध्ये चार देशांतील ८४८ जणांनी तिचा आरंभ झाला. आज ही संख्या पाच हजारांच्या वर आहे. करार एका वर्षाचा, फार तर पाच वर्षांपर्यंत वाढणारा. नाव ‘साहाय्यक शिक्षक’, कारण वर्गाची जबाबदारी स्थानिक गुरुजींचीच असते. २०२० पासून तिसऱ्या इयत्तेपासूनच इंग्रजीची ओळख करून दिली जाते, आणि पाचवी-सहावीत तो रीतसर विषय झाला आहे.

काम वाटते तितके सोपे नाही. शहरातील पस्तीस मुलांच्या वर्गात लाजरे मूल मागे दडू शकते. तीन मुलांच्या वर्गात ते कोठे दडणार? जोड्यांनी संवाद म्हणावयाचे, तर तिसऱ्याची जोडी जमविण्यासाठी शिक्षिकेलाच विद्यार्थिनी व्हावे लागते. त्यात जपानी लिपीत बहुतेक व्यंजनांमागे स्वर येतो, म्हणून ‘मिल्क’चा ‘मिरुकु’ होतो. ‘स्कूल’ला ‘इस्कूल’ म्हणणारे आपल्याकडेही आहेत, तेव्हा हसण्याचे कारण नाही!

दुपारचे भोजन शाळेतच. पांढरे अंगरखे व टोप्या घातलेली मुलेच वाढतात, शिक्षक त्यांच्यासमवेत बसतात आणि सर्वांना एकच अन्न असते. शाकाहारी पाहुण्याची येथे खरी परीक्षा. साधे दिसणारे सूपही बहुधा सुकविलेल्या माशाच्या अर्कावर केलेले असते. बौद्ध मठांतील निरामिष पाककला प्रसिद्ध आहे खरी, पण कंदमुळे तीतही असतात. तेव्हा घरचा डबा नेण्याविषयी मुख्याध्यापकांशी आधीच बोलून ठेवणे बरे.

या शिक्षकांतील एक नाव इशिनोमाकी या किनाऱ्यावरील शहरात आजही आदराने घेतले जाते : टेलर अँडरसन. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील ही मुलगी २००८ मध्ये तेथे आली आणि तेथील शाळांतून इंग्रजी शिकवू लागली. ११ मार्च २०११ रोजी दुपारी २ वाजून ४६ मिनिटांनी भूकंप झाला. शाळेतील मुले आपापल्या पालकांच्या हाती सुखरूप जाईपर्यंत ती थांबली. मग सायकलवरून घराकडे निघाली. वाटेत त्सुनामीची लाट आली. टेलर तेव्हा अवघी चोवीस वर्षांची होती.

तिच्या माता-पित्यांनी कन्येच्या नावे निधी उभारला. तिला लहानपणापासून वाचनाचे वेड. म्हणून ती जेथे शिकवीत असे त्या शाळांना इंग्रजी व जपानी पुस्तके देण्याचे त्यांनी ठरविले. पुस्तके ठेवावयास कपाटे हवी होती. ती करण्याचे काम गावातील एका लाकूडकाम करणाऱ्या गृहस्थाकडे गेले. त्याची तिन्ही मुले त्याच त्सुनामीत गेली होती, आणि तिघांनाही टेलरने शिकविले होते.

त्याने काम स्वीकारले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात पहिले कपाट एका प्राथमिक शाळेत बसले, आणि पुढे त्या परिसरातील शाळाशाळांतून तशी कपाटे गेली. मुले त्यांना ‘टेलर बुंको’ म्हणतात; बुंको म्हणजे लहानसा ग्रंथसंग्रह.