मॉरिशस : ओळखीचं बेट, अनोळखी जीव

मॉरिशसला जाऊन आलेली माणसं एक वाक्य हमखास बोलतात, "अगदी कोकणात गेल्यासारखं वाटलं." आंबा-फणस, साळुंक्या, देवळाबाहेरची माकडं, आणि मधूनच कानावर पडणारं एखादं मराठी आडनाव. तसं वाटणं साहजिक आहे. पण या ओळखीत एक भाग खरा आहे आणि एक फसवा. आज आपण हे दोन्ही वेगळे करून पाहू.

खरी ओळख दगडाची. सह्याद्रीचा काळा कातळ सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाच्या थरांवर थर साचून तयार झाला. पृथ्वीच्या पोटातल्या ज्या उष्ण जागेतून हा लाव्हा आला तिला भूशास्त्रज्ञ 'रियुनियन हॉटस्पॉट' म्हणतात. मेणबत्तीच्या ज्योतीवरून कागद हळूहळू सरकवला तर त्यावर डागांची रांग उमटते ना, तसंच इथे झालं. वरचं भूपट्ट सरकत गेलं आणि दख्खन, लक्षद्वीप, मालदीव अशी रांग उमटत गेली. मॉरिशस याच रांगेतलं, सुमारे ८० लाख वर्षांपूर्वी समुद्रातून वर आलेलं. शेजारचं रियुनियन बेट त्याहून तरुण आहे, तिथला ज्वालामुखी अजूनही लाव्हा ओकतो.

हे पाहायचं तर क्युरपिप शहरातल्या 'त्रू ओ सेर्फ'च्या काठावर उभं राहावं. सुमारे ३०० मीटर रुंदीचं हे शांत झालेलं विवर. गंगा तलाव हेसुद्धा विवरातच साठलेलं पाणी. शामारेलची रंगीत माती म्हणजे झिजलेला बसाल्टच, त्यातल्या लोह आणि अ‍ॅल्युमिनियमच्या संयुगांमुळे रंगलेला. आणि उसाच्या शेतांत काळ्या दगडांचे मोठाले ढीग दिसतात. ते निसर्गाने रचलेले नाहीत बरं का. मळे करण्यासाठी मजुरांनी एकेक धोंडा उचलून ते रचले. १८३४ नंतर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांत मुंबईहून जहाजाने गेलेली आपली माणसंही होती.

आता फसवी ओळख. मादागास्करपासून ८०० किलोमीटरहून दूर असलेल्या या बेटावर उडत, पोहत किंवा लाटांवर वाहत येणाऱ्यांनाच पोचता आलं. म्हणून वटवाघळं सोडली तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी तिथे नव्हता. शिकारी नाही, तर पळायचं कशाला? त्यातूनच कबुतराच्या कुळातला, न उडणारा डोडो घडला. १५९८ मध्ये डच खलाशी उतरले, १६३८ मध्ये त्यांनी वस्ती केली. डोडोची शेवटची विश्वासार्ह नोंद १६६२ ची मानतात. खलाशांनी तो मारून खाल्ला हे आपण ऐकलेलं असतं, पण जमिनीवरच्या घरट्यातली अंडी फस्त करणारे उंदीर, डुकरं आणि माकडं हे त्याहून मोठं संकट होतं.

म्हणजे आपल्याला जे ओळखीचं वाटतं, ते बहुतेक सगळं बाहेरून आलेलं आहे. हरीण जावाचं, आपल्या सांबराचं भाऊबंद. साळुंकी टोळ खाण्यासाठी भारतातून नेलेली. शिपाई बुलबुल आणि मुंगूसही बाहेरचेच. जंगलभर माजलेला छोटा लाल पेरू ब्राझीलचा. चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल आता बेटाच्या २ टक्क्यांहूनही कमी उरलं आहे.

इथे कोणी म्हणेल, मग माणसंही बाहेरूनच आली की! आलीच. तिथे कायमची मानवी वस्ती कधी नव्हतीच. त्यामुळे मूळचं कोण, असा वाद घालण्यात अर्थ नाही. कोणाची अंडी कोण खातं, कोणाच्या रोपाची जागा कोण घेतं, एवढंच पाहायचं. आणि ते थांबवणंही माणसाच्याच हातात आहे.

ते थांबवता येतं, याचे पुरावे आहेत. १९७४ मध्ये मॉरिशस केस्ट्रेल हा छोटा शिकारी पक्षी रानात फक्त ४ उरल्याचं माहीत होतं. जंगलतोड आणि डीडीटी या दोन्हींनी त्याला गाठलं होतं. १९७९ पासून कार्ल जोन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अंडी उबवून, पिल्लं वाढवून, त्यांना पुन्हा रानात सोडलं. संख्या शेकड्यांत गेली. गुलाबी कबुतरही १९९० च्या सुमारास रानात दहाएकच होतं, तेही आज शेकड्यांत आहे.

हे जीव पाहायचे तर १९९४ मध्ये स्थापन झालेलं ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान आहे. दुसरी जागा माहेबूरजवळचं 'इल ओ ऐग्रेत', अवघं २६ हेक्टरांचं बेट. हे मात्र ज्वालामुखीचं नाही, प्रवाळी चुनखडीचं आहे. तिथले उंदीर-मांजरं काढून टाकली, मॉरिशसची मूळ कासवं नष्ट झालेली म्हणून अल्दाब्राची महाकाय कासवं आणून सोडली. आपल्या टेंभुर्णीच्या जवळच्या नात्यातल्या आबनूसाची फळं ती खातात, आणि त्यांच्या पोटातून गेलेलं बी जास्त चांगलं रुजतं. तिथे वाटाड्याबरोबरच फिरावं लागतं.

उत्तरेचं राउंड आयलंड तर पर्यटकांना बंदच आहे. शेळ्या आणि ससे काढल्यावर तिथली झाडं सावरली आणि दुर्मीळ साप-सरडे टिकले. एखादं उंदीर किंवा तणाचं बी बुटाबरोबर गेलं, तर हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. म्हणून दार बंद.

तेव्हा जाताना दोन गोष्टी लक्षात ठेवू या. गंगा तलावापाशी माकडाला केळं देऊ नये, कारण तीच माकडं रानात गुलाबी कबुतराचं घरटं लुटतात. आणि रानवाटेला लागण्याआधी बूट झाडावेत. कोकणासारखं वाटणारं बेट जरूर पाहावं, पण अर्धा दिवस त्या बेटासाठी ठेवावा जे कोकणासारखं मुळीच नाही.