शेवटचं पाऊण मिनिट

२८ जानेवारी २०२६ च्या सकाळी मुंबईहून बारामतीला आलेलं लिअरजेट ४५ विमान धावपट्टीच्या तोंडाशीच कोसळलं. उपमुख्यमंत्री अजित पवार यांच्यासह विमानातले पाचही जण गेले. अपघात नेमका कशामुळे झाला हे ठरवणं तपास यंत्रणेचं काम आहे, आणि त्यात घाईचे निष्कर्ष कुणी काढू नयेत. पण त्या सकाळची परिस्थिती समजून घेतली, तर छोटी विमानं उतरतानाच का पडतात या प्रश्नाचा बराचसा उलगडा होतो.

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार त्या वेळी दृश्यमानता सुमारे ३ किलोमीटर होती. पहिल्या खेपेला धावपट्टी दिसली नाही म्हणून वैमानिकांनी विमान पुन्हा वर घेतलं. दुसऱ्या खेपेला अपघात झाला. बारामतीत मोठ्या विमानतळासारखा नियंत्रण कक्ष नव्हता. विमानांना वाऱ्यापावसाची माहिती देण्याचं काम तिथल्या वैमानिक प्रशिक्षण संस्थांची माणसं करत.

आता ३ किलोमीटर म्हणजे किती? असं जेट उतरताना ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास वेगात असतं. म्हणजे धावपट्टी दिसल्यापासून चाकं टेकेपर्यंत हातात जेमतेम पाऊण मिनिट. तेवढ्यात विमान रेषेत आहे का, उंची बरोबर आहे का, वारा कुठून आहे, हे सगळं जोखायचं. नुसत्या नजरेच्या भरवशावर उडायचं असेल तर साधारण ५ किलोमीटर दृश्यमानता हवी, असा नियम आहे तो याचसाठी.

मोठ्या विमानतळावर नजरेच्या मदतीला यंत्रं असतात. आयएलएस ही प्रणाली रेडिओ लहरींनी विमानाला धावपट्टीची मध्यरेषा आणि उतरण्याचा कोन दाखवते. हा कोन सहसा ३ अंशांचा. धावपट्टी १ किलोमीटरवर असताना विमान सुमारे ५० मीटर उंचीवर हवं. शिवाय धावपट्टीच्या कडेला चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले की उंची बरोबर. चारही लाल दिसले तर विमान फारच खाली आलंय. तालुक्याच्या धावपट्टीवर यातलं बरंचसं नसतं, आणि ती उणीव दोन वैमानिकांना आपल्या डोळ्यांनी भरून काढावी लागते.

दुसरा धोका शेवटच्या वळणाचा. धावपट्टी किंचित चुकली की वैमानिकाला वळण आवळण्याचा मोह होतो. विमान जितकं कलतं, तितका त्याला हवेत राहायला जास्त वेग लागतो. सरळ उडताना ताशी ९० किलोमीटरला तग धरणारं प्रशिक्षण विमान ६० अंशांत कलल्यावर ताशी १२७ किलोमीटरलाच स्टॉल होतं, म्हणजे पंखांची उचल संपते आणि ते कोसळतं. दोन-तीन हजार फुटांवर सावरता येतं, पाचशे फुटांवर तेवढी जागाच नसते. २८ जून २०१८ ला घाटकोपरच्या भरवस्तीत किंग एअर सी-९० पडलं, ते दुरुस्तीनंतरच्या चाचणीसाठी जुहूहून उडालं होतं. पावसाळी हवेत परतताना ते स्टॉल झाल्याचा निष्कर्ष चौकशीत निघाला. विमानातले चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी त्यात गेले.

तरी यंत्रं असली म्हणजे सारं निभावतं असंही नाही. १४ सप्टेंबर २०२३ ला मुंबईसारख्या सुसज्ज विमानतळावर, मुसळधार पावसात, ७०० मीटर दृश्यमानतेत लिअरजेट ४५ धावपट्टीवरून घसरलं आणि त्याचे दोन तुकडे झाले. आठही जण वाचले, हे नशीब.

आपल्या सीमाभागालाही हा विषय परका नाही. कर्नाटकातल्या जोयड्याच्या माणसाला विमान गाठायचं तर बेळगावचं सांबरा, हुबळी किंवा गोवा. त्याच सांबऱ्याजवळ, होन्निहाळच्या शेतात ३० मे २०२३ ला तांत्रिक बिघाड झालेलं प्रशिक्षण विमान उतरवावं लागलं. विमानातले दोघेही किरकोळ जखमांवर बचावले.

मग उपाय काय? एक तर तंत्राचा. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाने उभारलेली गगन ही उपग्रह प्रणाली जमिनीवर आयएलएस नसतानाही उतरण्याचा मार्ग दाखवते. २८ एप्रिल २०२२ ला राजस्थानातल्या किशनगडला एटीआर विमान तिच्या आधारे उतरवून दाखवलं गेलं. विमानात त्यासाठीची उपकरणं हवीत आणि त्या धावपट्टीसाठी उतरण्याचा मार्ग आखून मंजूर झालेला हवा. जिथे जेट उतरतात तिथे एवढं आणि हवामान मोजणारी यंत्रणा असायलाच हवी.

दुसरा उपाय माणसांचा, आणि मला तो अधिक मोलाचा वाटतो. कोन, वेग, रेषा यांतलं एक जरी ठरल्या उंचीपर्यंत जुळलं नाही, तर विमान पुन्हा वर घ्यायचं, हा जगभरचा दंडक आहे. प्रवासी विमान कंपन्यांत त्याबद्दल वैमानिकाला जाब विचारायचा नाही, असं धोरण असतं. भाड्याच्या छोट्या विमानात मात्र मागच्या आसनावर सभेची, बैठकीची, लग्नाची वेळ बसलेली असते. तोंडाने कुणी काही बोललं नाही तरी तिचा दाब पुढे पोचतो. म्हणून विमान ठरवणाऱ्याने, मग तो नेता असो की उद्योगपती, निघण्याआधीच वैमानिकाला सांगावं: हवा बरी नसेल तर पुण्याला उतरा, नाहीतर परत फिरा, आम्ही गाडीने जाऊ. सभा तासभर उशिरा सुरू झाली तर कुणाचंही काही बिघडत नाही.