आधी मैदान, मग मोटर

छंदातले अग्निबाण : पहिल्या प्रमाणपत्राची तयारी

मागच्या भागात रॉकेटचं शरीर तयार झालं: चार इंची नळी, प्लायवूडच्या फिन आणि आत 38 मिलिमीटरची मोटर बसेल एवढी जागा. आता त्यात काय भरायचं? दुकानाची यादी उघडली की नवख्याची नजर सगळ्यात मोठ्या आकड्यावर जाते. तसं करू नका. पहिल्या प्रमाणपत्रासाठी मला विचाराल तर यादीतली सगळ्यात कंटाळवाणी मोटर निवडा. का, ते हिशेबानं सांगतो.

आधी अक्षरांची भानगड उरकून घेऊ. मोटरच्या नावातलं पहिलं अक्षर तिचा एकूण आवेग सांगतं आणि प्रत्येक अक्षरागणिक तो दुप्पट होतो. एच म्हणजे 160 ते 320 न्यूटन-सेकंद, आय म्हणजे 320 ते 640, जे म्हणजे 640 ते 1280. अमेरिकेतल्या दोन संस्था, 1957 साली स्थापन झालेली नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री आणि ट्रायपोली, ही प्रमाणपत्रं देतात. पहिल्या पातळीला एच किंवा आय चालते. जे, के, एल उडवायच्या तर दुसरी पातळी, आणि तिथे लेखी परीक्षाही असते. एमपासून पुढे तिसरी. पहिल्या पातळीला लेखी परीक्षा नाही. वय 18 पूर्ण हवं, मोटर तुम्ही स्वतः जुळवलेली हवी, आणि रॉकेट वर जाऊन, पॅराशूट उघडून, परत उडवता येईल अशा स्थितीत हातात आलं पाहिजे. पाहिलंत? किती उंच गेलं याला एकही गुण नाही.

अक्षरानंतरचा आकडा सरासरी रेट्याचा, न्यूटनमध्ये. एरोटेक कंपनीची एच-123-डब्ल्यू ही जुनी, सरळ मोटर घ्या. एकूण आवेग सुमारे 230, सरासरी रेटा 123 न्यूटन. भागाकार केला की कळतं, ती दोनेक सेकंदांत जळून संपते. शेवटचं डब्ल्यू हे इंधनाच्या प्रकाराचं. पांढरीशुभ्र ज्योत आणि भरपूर धूर, म्हणजे रॉकेट कुठे गेलं ते डोळ्यांना दिसतं. नवख्याला हे फार उपयोगाचं.

आता आपल्या रॉकेटचं वजन मोटरसकट 1.8 किलो धरू. पृथ्वी त्याला साडेसतरा न्यूटननं खाली ओढते. छंदातला जुना दंडक असा की रेटा वजनाच्या किमान पाचपट हवा, म्हणजे 88 न्यूटन. 123 म्हणजे सातपट; झालं काम. ही पाचपट कशासाठी, तर रॉकेटच्या फिन वारा पुरेशा वेगानं अंगावरून गेला तरच त्याला सरळ ठेवतात. तोवर त्याला आधार असतो तो उभ्या रेलचा. सहा फुटी रेलच्या टोकाशी आपलं रॉकेट ताशी पन्नासेक किलोमीटरला पोचतं, तेवढं बास. हळूबाई मोटर घातली तर रेल सुटताच ते वाऱ्याकडे तोंड वळवतं आणि मग उडण्याऐवजी आडवं धावतं.

उंचीचा हिशेब इथून सुरू होतो आणि खरी निवड इथेच होते. एवढ्या जाडीचं रॉकेट या एच मोटरवर साधारण 400 ते 450 मीटर जाईल. पॅराशूटखाली ते सेकंदाला सहा मीटरनं उतरलं तर खाली यायला सत्तरेक सेकंद. वारा सेकंदाला पाच मीटर, म्हणजे झाडाची पानं सळसळतील एवढाच. तेवढ्यानं रॉकेट साडेतीनशे मीटर वाहून गेलं! त्याच रॉकेटमध्ये भरभक्कम आय घाला. उंची दुपटीच्या आसपास, तरंगण्याचा वेळ दुप्पट, आणि वाहून जाणं 700 मीटर. अमेरिकी सुरक्षा संहितेप्रमाणे अशा उड्डाणाला मैदानाची लहान बाजू किमान 1500 फूट, म्हणजे साडेचारशे मीटर लागते, किंवा अपेक्षित उंचीच्या निम्मी. यातलं जे जास्त असेल ते. नियमात बसलेल्या मैदानातूनसुद्धा आय मोटरवालं रॉकेट शेजारच्या मक्यात जाऊन पडेल. सापडलं नाही, तर प्रमाणपत्र नाही.

आंबिवलीत बसून हे लिहिताना मैदानाचा मुद्दा जरा जास्तच टोचतो. एका अंगाला उल्हास नदी, मधून कल्याण-कसारा लोहमार्ग, आणि उरलेल्या जागेत विजेच्या तारा आणि इमारती. इथला एनआरसी कारखाना 2009 मध्ये बंद पडला तेव्हापासून त्याच्या आवाराकडे बघून 'केवढी मोकळी जागा' असं म्हणणारे भेटतात. पण साडेचारशे मीटर आणि वर मोकळं आकाश या दोन्ही गोष्टी लागतात, आणि मुंबई व नवी मुंबई अशा दोन विमानतळांच्या सावलीत दुसरी मिळणं अवघड. म्हणून ही लेखमाला मुख्यतः कल्याण-डोंबिवलीतून अमेरिकेला, कॅनडाला शिकायला गेलेल्यांसाठी आहे, जिथे विद्यापीठाचा क्लब आणि त्याचं ठरलेलं मैदान मिळतं.

कायद्याचंही सांगतो, कारण दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच की घरी बनवली तर? नाही. आपल्याकडे 1884 चा स्फोटक कायदा आणि 2008 चे स्फोटक नियम आहेत, परवाने देणाऱ्या 'पेसो'चं मुख्यालय आपल्याच नागपुरात आहे, आणि परवान्याशिवाय असलं इंधन बनवणं किंवा बाळगणं हा गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, 23 मे 2024 ला डोंबिवली एमआयडीसीत स्फोट होऊन काय झालं ते आपल्या खिडक्यांच्या काचांनी पाहिलेलं आहे. आणि तिकडून येताना एखादी मोटर बॅगेत घालून आणण्याचा विचारही नको. विमानात ती कुठल्याच बॅगेत चालत नाही.

आता केस. एकदाच जळून फेकून द्यायच्या मोटरीही मिळतात. एकच उड्डाण करून थांबायचं असेल तर त्या घ्या, जुळवणी जवळजवळ नाहीच. पण थांबणार नसाल तर रीलोडची पद्धत स्वस्त पडते. यात अॅल्युमिनियमचं नळकांडं, म्हणजे केस, आणि त्याची दोन टोकांची झाकणं कायमची तुमची. इंधनाचे गोळे, आतलं अस्तर, नॉझल आणि ओ-रिंग दर उड्डाणाला नव्या. प्रेशर कुकरसारखंच: भांडं तेच, आतलं रोज ताजं, आणि रिंग खराब झाली तर सगळा खेळ बिघडतो.

एरोटेकच्या केसचं नावच तिची क्षमता सांगतं. 38/240 म्हणजे 38 मिलिमीटर व्यास आणि 240 न्यूटन-सेकंदांपर्यंतचा रीलोड. पुढे 38/360, 38/480, 38/600, 38/720 अशी लांबी वाढत जाते, व्यास तोच. म्हणून मी रॉकेटमध्ये 38 ची जागा ठेवायला सांगितली. पहिल्या पातळीला 240 ची छोटी केस, आणि तेच रॉकेट दुसऱ्या पातळीला लांब केस घालून जे मोटरवर नेता येतं, अर्थात तुमच्या फिन तेवढा वेग सोसणार असतील तर. 29 ची केस आणखी स्वस्त, पण तिच्यात पुढे वाढायला जागा कमी. कॅनडातली सेसरोनी कंपनी हीच गोष्ट वेगळ्या रीतीनं मोजते: प्रो-38 च्या केसला किती गोळे मावतात त्यावरून एक-जी, दोन-जी, तीन-जी. तिचे रीलोड बरेचसे आधीच जुळवलेले येतात. सरकवा आणि झाकण फिरवा. धसमुसळ्या हातांना मी सेसरोनी सुचवतो. एरोटेकची जुळवणी वेळखाऊ, पण आत काय चाललंय ते त्यातच समजतं. एक मात्र लक्षात ठेवा, एकाच्या केसमध्ये दुसऱ्याचा रीलोड घालायचा नाही. आणि विकत घेण्याआधी क्लबात विचारा. बहुतेक ठिकाणी कुणीतरी केस उसनी देतं.

जुळवताना बघा: इंधनाचा प्रत्येक गोळा मधोमध भोक असलेला असतो. तो आतून बाहेर आणि दोन्ही टोकांकडून जळतो. आतली जागा वाढते, लांबी घटते, आणि जळणारं क्षेत्रफळ बरंचसं सारखं राहतं. म्हणून रेटाही फारसा वरखाली होत नाही. पेटवायची वात या भोकातून थेट सर्वांत वरच्या गोळ्यापर्यंत पोचली पाहिजे. अर्ध्यावर राहिली तर मोटर नुसती फुरफुरते आणि रॉकेट रेलवरच बसून राहतं. ओ-रिंगला ग्रीस हलक्या हातानं लावा. जाड थर नको. ती जिथे बसते ती खाच नखानं चाचपून पाहा. ओरखडा किंवा मागच्या उड्डाणाची काजळी लागली तर तिथूनच वायू निसटेल आणि केसला भोक पाडेल. अमेरिकेच्या स्पेस शटलच्या बाजूच्या रॉकेटांच्या पोलादी केसही समुद्रातून काढून, धुऊन, पुन्हा भरत. 28 जानेवारी 1986 ला चॅलेंजर गेलं ते थंडीनं आकसून कडक झालेल्या अशाच एका रिंगेमुळे.

विलंबाचा भाग शेवटचा. मोटर विझल्यावर रॉकेट स्वतःच्या वेगानं आणखी चढत राहतं. आपल्या उदाहरणात साडेसात सेकंद. मधल्या काळात विलंबाचा छोटा तुकडा जळत असतो, आणि तो संपला की बंदुकीच्या दारूचा चिमूटभर भार पॅराशूट बाहेर ढकलतो. हा तुकडा छोट्या ड्रिलनं कोरून दोन-दोन सेकंदांनी कमी करता येतो. किती कोरायचं ते ओपनरॉकेट या मोफत संगणक प्रणालीत काढा. अंदाजानं नको, कारण हवेचा विरोध सोडून केलेला तोंडी हिशेब अकरा सेकंद सांगतो, आणि अकराव्या सेकंदाला तुमचं रॉकेट नाक खाली करून बऱ्याच वेगात असेल. पॅराशूट तेव्हा उघडलं तर दोऱ्या तुटतात.

या गोळ्यांत असतं काय, तर अमोनियम परक्लोरेट आणि अॅल्युमिनियमची भुकटी, एचटीपीबी नावाच्या रबरात कालवलेली. हेच रबर पीएसएलव्हीच्या पहिल्या टप्प्यातही आहे. 2.8 मीटर व्यास, पाच तुकड्यांची पोलादी केस, आत सुमारे 138 टन इंधन. इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरनं या केस घडवल्या. आणि थुंब्याला घन इंधनाचं काम ज्यांनी उभं केलं त्यांत पुण्याचे वसंत गोवारीकर अग्रभागी होते. 1967 मध्ये विक्रम साराभाईंच्या बोलावण्यावरून ते इंग्लंडहून आले आणि 1979 ते 1985 विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. अमेरिकेत मात्र हे इंधन स्फोटक आहे की नाही यावर छंदिष्टांच्या संस्था आणि सरकारी खातं यांच्यात जवळजवळ दहा वर्षं खटला चालला. 2009 मध्ये न्यायालयानं ते यादीतून काढायला लावलं, आणि तेव्हापासून तिथल्या विद्यार्थ्याला एच मोटर घेण्यासाठी स्फोटकांचा परवाना लागत नाही.

पुढच्या आठवड्यात पॅराशूट: केवढं घ्यायचं, कसं घडी घालायचं आणि दारूच्या ज्वाळेपासून कसं वाचवायचं. तोवर आपल्या रॉकेटचं वजन काट्यावर करून ठेवा, रंग आणि गोंद सुकल्यानंतरचं.